सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये 'बीम हार्डनिंग आर्टिफॅक्ट' लिहिलंय, हा आजार आहे का?

वडिलांच्या मेंदूच्या सीटीत 'मागच्या भागात बीम हार्डनिंग आर्टिफॅक्ट' असं आलंय, हा आजार आहे का आणि स्कॅन परत करावा लागेल का, असं तुम्ही विचारलंय. आजार नाही; आर्टिफॅक्ट म्हणजे चित्रात उमटलेली खोटी खूण, इथे एक काळपट पट्टा. मी सीटी टेक्निशियन आहे. डोक्याच्या बहुतेक स्कॅनमध्ये हा पट्टा थोडाफार दिसतोच.

ट्यूबमधून निघणाऱ्या एक्स-रेमध्ये कमी-जास्त ऊर्जेचे किरण मिसळलेले असतात. आतला कान ज्या हाडात असतो ते फार घट्ट असतं. कमी ऊर्जेचे किरण त्यातच जिरतात, उरतात ते दणकट (हेच 'बीम हार्डनिंग'), आणि ते पुढे सहज आरपार जातात. कॉम्प्युटर मात्र झोत पहिल्यासारखाच आहे असं धरून हिशोब मांडतो आणि वाटेतला मेंदू आहे त्यापेक्षा विरळ ठरवतो. विरळ म्हणजे पडद्यावर काळं. म्हणून दोन कानांच्या मधोमध, नेमका मेंदूच्या देठावर, आडवा काळपट पट्टा उमटतो. सॉफ्टवेअर तो बराच पुसतं, पण पूर्ण नाही. त्याला 'हाउन्सफील्ड बार' म्हणतात. सीटीसाठी 1979 चं नोबेल मिळालेल्या गॉडफ्रे हाउन्सफील्डचं नाव या दोषालाही चिकटलंय, बिचारा!

तरी रिपोर्टमधली ती ओळ उगाच नसते. रक्तपुरवठा तुटलेला मेंदूचा भागही सीटीवर काळाच दिसतो, त्यामुळे या पट्ट्यात छोटा स्ट्रोक लपू शकतो. तेवढ्या जागेबद्दल खात्री देता येत नाही, असं रेडिऑलॉजिस्ट सांगतायत. सीटी रिपीट करून फारसा फायदा नाही; हाडं तीच, पट्टाही तोच, वर रेडिएशन दुप्पट. वडील नुसते पडले म्हणून रक्तस्राव बघायला स्कॅन केला असेल, तर डॉक्टर बहुधा एवढ्यावर थांबतील. पण अचानक तोल जाणं, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं असं काही असेल तर वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. मेंदूच्या या भागासाठी एमआरआयच चांगला.

आम्ही रिपीट करतो ते मुख्यतः पेशंट हलल्यामुळे. 1971 साली लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ले हॉस्पिटलात पहिल्या पेशंटचं डोकं स्कॅन झालं तेव्हा एकेका फेरीला काही मिनिटं लागायची. आता सगळं सेकंदांत आटोपतं, पण गोंधळलेले आजोबा तेवढ्यात मान वळवतातच, आणि कवटीची कड दुहेरी दिसते. गोल गोल कडी दिसली तर मात्र दोष आमच्या मशीनचा: एखादा डिटेक्टर चुकीचं मोजत असतो, कॅलिब्रेशन करावं लागतं.

धातूमुळेही चित्र बिघडतं, ते थोडं तुमच्या हातात आहे. कवळी, कानातलं, केसातल्या पिना आधीच काढून ठेवा. दातात बसवलेली कॅप काढता येत नाही. तिथून फुटणाऱ्या पांढऱ्या-काळ्या रेघा टाळायला आम्ही हनुवटी छातीकडे घेऊन दात झोताबाहेर ठेवतो.