जुळवाजुळव दाखव

प्रिय पोरी,

तुझ्या सिनेमाची संहिता काल रात्री वाचून संपवली आणि लगेच लिहायला बसलो. मावशीची मिसरी आणि मामाची मोबाइलवरची रमी, एकाच घरातली ही दोन व्यसनं तुला दिसली तिथेच तुझं निम्मं काम झालं होतं. मग कुणीतरी तुला सांगितलं की यात ड्रामा नाही, मामाला दारू पाजा. आणि तू पाजायला निघालीस! वर मला विचारतेस, व्यसन देखणं दाखवलं तर जाहिरात होते, भेसूर दाखवलं तर प्रवचन होतं, मग दाखवू काय?

जुळवाजुळव दाखव.

प्रत्यक्ष पिण्यात, ओढण्यात जातो तो वेळ थोडा. बाकीचा दिवस जातो पैसे उभे करण्यात, वस्तू लपवण्यात, थापा मारण्यात आणि कुणाला कोणती थाप मारली हे लक्षात ठेवण्यात. आपले सिनेमे नेमका हाच दिवस गाळतात. पहिला घोट दाखवतात, मग थेट शेवटची उचकी.

देवदास घे. दिग्दर्शक प्रमथेश बरुआंनी 1935 मध्ये केला, बिमल रॉय यांनी 1955 मध्ये, भन्साळींनी 2002 मध्ये. दर वेळी दारू ही प्रेमाच्या खोलीची मोजपट्टी ठरते. कारण जमीनदाराच्या पोराला कुणाकडे उधारी मागावी लागत नाही. खर्चाचा प्रश्न नसला की पिणं फार सुंदर दिसतं गं.

त्याच्या शेजारी हॉलिवूडच्या बिली वाइल्डरचा 1945 चा ‘द लॉस्ट वीकेंड’ ठेव. त्यातला दारुडा लेखक बाटली दोरीला बांधून खिडकीबाहेर सोडतो. दुसरी छताच्या दिव्यात लपवतो आणि कुठे लपवली तेच विसरतो. टाइपरायटर गहाण टाकायला न्यूयॉर्कभर पायपीट करतो, तर योम किप्पूर, ज्यूंचा उपासाचा सण, म्हणून गहाणाची दुकानं बंद. त्याला भासात वटवाघूळ दिसतं ते दृश्य गाजलं, पण मला विचारशील तर तो टाइपरायटर उचलून चालणारा माणूस जास्त भयंकर आहे. लेखक स्वतःचं हत्यार विकायला निघालाय, याहून मोठा ड्रामा कोणता हवा होता तुझ्या त्या सल्लागाराला?

आणि व्यसन म्हणजे दारूच, हे कुणी ठरवलं? ‘रिक्वायम फॉर अ ड्रीम’ (2000) मधली म्हातारी सारा लाल ड्रेस अंगाला यावा म्हणून गोळ्या घेते. सकाळची जांभळी, दुपारची निळी, संध्याकाळची केशरी. डॉक्टर मान वर करून बघतही नाही, चिठ्ठी लिहितो. शेवटाकडे तो सिनेमा मला फार कर्कश वाटतो. पण ती गोळ्या मांडून ठेवते ना, ती जुळवाजुळव खरी आहे.

आता तुझी मावशी. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजते, घरभर ठसका, पोरं खोकत अंगणात पळतात, तिला काही नाही. मग कुटून डबीत. लग्नघरी जाताना डबी कनवटीला. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून बोटावर घेऊन मोरीशी बसते आणि कुणी बघितलंच तर ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही’. हे तू लिहिलंयस! इतकं जवळून मिसरी आपल्या पडद्यावर मी पाहिलेली नाही. आणि मग शेवटी तिला तोंडाचा कॅन्सर देऊन मोकळी झालीस. मिसरीने कॅन्सर होतो, खरं आहे. पण तू तो प्रेक्षकाच्या सोयीसाठी दिलायस. तिला शिक्षा झाली, आपण सुटलो, असं म्हणत तो पार्किंगकडे जाईल.

तंबाखू दिसली की पडद्याच्या तळाशी इशारा देण्याचा नियम 2012 पासून सिनेमांत पाळला जातो. मामाच्या रमीखाली तसली ओळ येणार नाही. तिथे तुलाच काम करायचंय. पगाराचा मेसेज आला की तो फोन पालथा ठेवतो, हे वाक्य तू कंसात टाकलंस. कंस काढ.

मी एका मालिकेत दारुड्याच्या बायकोचा प्रसंग लिहिला होता. रेशनचे पैसे ती आज तांदळाच्या डब्यात ठेवते, उद्या मिठाच्या बरणीत, परवा शेजारणीकडे. वाहिनीने तो काढला आणि नवऱ्याला दिव्याच्या खांबाला टेकवून गाणं दिलं. मी श्रेयनामावलीतून नाव काढून घेतलं. लोक हेकट म्हणाले, पुढची काही वर्षं कामं आली नाहीत. घरच्यांना त्याची झळ लागली, त्याचं वाईट आजही वाटतं. नाव काढल्याचं वाटत नाही. तो प्रसंग बरोबर होता. ती बाई जुळवाजुळव करत होती, नवऱ्याच्या व्यसनाची निम्मी मेहनत तीच करत होती, आणि ते बघायला कुणाला नको होतं.

तेव्हा मामाला दारू पाजू नकोस. हॉस्पिटलचा प्रसंग पूर्ण काढ. मामा मावशीकडे पैसे मागतो आणि ती देते, तिथे तू दोन ओळींत उरकलंयस. का देते ती? त्याच्याकडून तंबाखूची पुडी मागवते म्हणून? तसं असेल तर तुझा सिनेमा तिथे आहे, तो प्रसंग चार पानं लिही. रविवारपर्यंत पाठव, आणि या वेळी त्या सल्लागाराला आधी दाखवू नकोस.

तुझा,
काका