लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या कमेंट सुधारण्यापासून सुरुवात करावी का?

तू विचारलंयस की इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहेस, डोंबिवलीला राहतोस, सी बऱ्यापैकी येतं पण भारी ग्राफिक्स कार्ड नाहीये, मग लिनक्स कर्नलच्या (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या कमेंट आणि डॉक्युमेंटेशन सुधारण्यापासून सुरुवात केली तर चालेल का, की हे काम हलकं समजतात. वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

कर, बिनधास्त कर, आणि हलकं वगैरे अजिबात नाही. मी पवईला डिस्प्ले ड्रायव्हरवरच काम करतो आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड नक्की काय गृहीत धरून चाललाय हे शोधण्यातच आमचा बराच वेळ जातो. मागे एका पॅनेलचा बाहेरून आलेला ड्रायव्हर होता, त्यात एका स्ट्रक्टमध्ये क्लॉक नावाचा मेंबर आणि त्यावर कमेंट काय, तर ‘पॅनेलचा क्लॉक’. बस. आता डीआरएममध्ये, म्हणजे कर्नलचा जो ग्राफिक्सचा भाग आहे त्यात, डिस्प्ले मोडचा क्लॉक किलोहर्ट्झमध्ये असतो. साधं १०८० पी आणि ६० हर्ट्झ घे, ब्लँकिंग, म्हणजे चित्राबाहेरचा न दिसणारा भाग, धरून आडवे २२०० पिक्सेल आणि उभ्या ११२५ ओळी, त्याला ६० ने गुणलं की १४ कोटी ८५ लाख हर्ट्झ येतात, मोडमध्ये तेच १४८५०० असं लिहितात. त्या ड्रायव्हरला मात्र सरळ हर्ट्झ हवे होते आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, स्क्रीन काळी ती काळीच, आणि आम्ही संध्याकाळभर केबल बदल, पॉवर तपास करत बसलो.

म्हणून कोडकडे बघून जे कळत नाही ते कमेंटमध्ये आलं पाहिजे. युनिट काय, लॉक कोणी घेऊन यायचा, मेमरी कोणी सोडायची, एरर आला तर कॉल करणाऱ्याने पुढे काय करायचं. डीआरएम जेम ऑब्जेक्ट लुकअप हे फंक्शन बघ, जेम म्हणजे डीआरएममधला ग्राफिक्सची मेमरी सांभाळणारा भाग. हँडल दिलं की ऑब्जेक्ट मिळतो, नाही सापडला तर नल, इतकं नावावरूनच कळतं. पण मिळतो तो रेफरन्स, म्हणजे किती जण तो वापरतायत याची मोजणी, वाढवून मिळतो, म्हणजे काम झालं की पुट करून सोडायची जबाबदारी तुझी, नाहीतर ती मेमरी अडकून राहते, आणि लिहिण्यासारखी गोष्ट ही आहे. तसंच मोडसेट लॉक, म्हणजे डिस्प्लेची सेटिंग बदलताना लागणारे लॉक, घेताना डेडलॉकचा एरर परत आला तर नुसतं बाहेर पडून चालत नाही, हातातले लॉक सोडून बॅकऑफ करून परत यावं लागतं, हे नव्या माणसाला कोणी सांगितल्याशिवाय सुचणारच नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. कर्नल-डॉकची कमेंट, म्हणजे जिच्यातून डॉक्युमेंटेशन आपोआप बनतं ती, /** ने सुरू होते, मग फंक्शनचं नाव आणि एका ओळीत काम, मग प्रत्येक पॅरामीटर @ लावून, आणि शेवटी रिटर्न. मेक करताना, म्हणजे कर्नल बिल्ड करताना, डब्ल्यू=१ (W=1) दिलं की कुठला पॅरामीटर लिहायचा राहिलाय, कुठे नाव बदललं पण कमेंट जुनीच आहे, अशा वॉर्निंग येतात. काही ठिकाणी साध्या कमेंटला चुकून दोन तारे पडलेले असतात, तिथे एक तारा काढला की झालं. वेबपेज कसं दिसतंय ते बघायला एचटीएमएलडॉक्स (make htmldocs) बनव, पण फक्त ग्राफिक्सचा भाग बनावा म्हणून स्फिंक्सडर्स=जीपीयू (SPHINXDIRS=gpu) दे, नाहीतर साध्या लॅपटॉपवर सगळं डॉक्युमेंटेशन बनेपर्यंत जेवून येशील. कार्ड नाही याची चिंता सोड, कमेंटला कार्ड लागतच नाही, आणि पुढे मोडसेटिंगचा कोड चालवून बघावासा वाटला तर व्हीकेएमएस नावाचा व्हर्च्युअल ड्रायव्हर आहे, त्यासाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन खर्च करायची गरज नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो, वॉर्निंग घालवायची म्हणून अंदाजाने लिहू नकोस. ‘@स्टेट: स्टेट’ असं लिहिलं की वॉर्निंग जाते, पण मग तिथे काही लिहायचं राहिलंय हेही पुढच्याला दिसत नाही, आणि चुकीचा अंदाज तर त्याहून वाईट कारण लोक त्यावर विसंबून कोड लिहितात. आधी फंक्शन वाच, मग गिट ग्रेपने त्याला कोण कोण कॉल करतं ते बघ, ते लॉक घेऊन येतात का, परत आलेली व्हॅल्यू तपासतात का. त्यातूनही कळलं नाही तर गिट ब्लेमने ती ओळ कुठल्या कमिटमध्ये आली ते शोध, कर्नलमध्ये कमिट मेसेज सविस्तर लिहायची पद्धत आहे आणि खरं कारण बरेचदा तिथेच सापडतं. हे सगळं करून चार ओळींची कमेंट होते, पण तोवर तो कोड तुला खरोखर समजलेला असतो. माझ्या मते कॉलेजच्या बऱ्याच प्रोजेक्टपेक्षा हे जास्त शिकवतं.

सुरुवातीला एएमडी कंपनीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधला डिस्प्लेचा भाग घे. कोड प्रचंड आहे, शॉर्टफॉर्मचा नुसता पाऊस आहे, पण त्यांची ग्लॉसरी आहे आणि नव्या माणसाने काय हातात घ्यावं याचंही पान आहे. फक्त रजिस्टरच्या त्या अवाढव्य हेडर फाइल ऑटोमॅटिक बनलेल्या असतात, त्यांना हात लावू नकोस. एकच फाइल निवड, त्याच फाइलच्या गिट लॉगमध्ये सब्जेक्ट कसे लिहिलेत ते बघून तसाच लिही, पॅच, म्हणजे पाठवायचा बदल, तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालव, कोणाला पाठवायचं ते गेट मेंटेनर स्क्रिप्ट सांगेल. कोडमधला बदल आणि कमेंटमधला बदल एका पॅचमध्ये मिसळू नकोस. पाठवल्यावर निदान आठवडाभर तरी आठवण करू नकोस, त्या लोकांकडे रिव्ह्यूला ढीग पडलेला असतो, आणि कोणी ‘हे असं नाहीये’ म्हणालं तर का नाही ते विचार, समजून घे आणि तेच उत्तर कमेंटमध्ये घालून व्ही२, म्हणजे पॅचची सुधारलेली दुसरी आवृत्ती, पाठव.