दाव्याआधी समोरच्याकडचा अहवाल मागताना

तुमची अडचण मला समजली ती अशी: इंग्लंडमध्ये गोदामात ठेवलेलं सामान छत गळून भिजलं, कंपनीने छताची पाहणी करून अहवाल केला, आणि तो मागितल्यावर 'अंतर्गत कागद आहे, देता येणार नाही' असं उत्तर आलं. अहवाल न पाहता दावा टाकायची तुमची तयारी नाही.

दावा दाखल होण्याआधीही तो मिळू शकतो. पंधरा वर्षं मी सॉलिसिटरच्या ऑफिसात दाव्याआधीची पत्रं लिहिते आहे, त्यामुळे 'अंतर्गत' या शब्दाने कितीजण गप्प बसतात ते रोज पाहते. कागद कंपनीने स्वतःपुरता केला, एवढ्यावर त्याला संरक्षण मिळत नाही. पाहावं लागतं ते हे, की अहवाल मुख्यतः कोर्टकज्ज्याच्या तयारीसाठी केला होता का. १९७९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, वॉ विरुद्ध ब्रिटिश रेल्वेज बोर्ड या खटल्यात हेच ठरवलं. रेल्वे अपघातात नवरा गमावलेल्या बाईने बोर्डाचा चौकशी अहवाल मागितला होता. तो वकिलांच्या माहितीसाठी आहे असं त्यावर लिहिलेलं होतं, तरी अपघात पुन्हा होऊ नये हाही हेतू तितकाच मोठा होता, म्हणून बोर्डाला तो द्यावा लागला. गळतं छत दुरुस्त करायला केलेल्या पाहणीचं वजन याच बाजूला पडतं.

आता पत्र. माझी सुरुवातीची पत्रं 'या घटनेशी संबंधित सर्व कागदपत्रं, ईमेल व नोंदी पाठवाव्यात' अशी असायची. उत्तर एका ओळीत यायचं, मागणी फारच व्यापक आहे. आणि ते बरोबरच होतं. कागद नाव घेऊन मागावा लागतो. तुम्ही दिलेल्या ईमेलमध्ये त्यांच्याच मॅनेजरचं वाक्य आहे, 'आमच्या माणसाने बुधवारी छत पाहिलं, त्याचा रिपोर्ट आला आहे.' हे वाक्य सोन्यासारखं जपा. पत्रात तो ईमेल तारखेसह उद्धृत करा आणि तीनच गोष्टी मागा: तो रिपोर्ट, गळतीआधीच्या बारा महिन्यांतल्या छताच्या देखभालीच्या नोंदी, आणि त्याच छताबद्दल इतर ग्राहकांनी त्या काळात केलेल्या लेखी तक्रारी. प्रत्येकीपुढे एक ओळ लिहा, ती कशासाठी हवी. यातलं काही नष्ट करू नये, असंही स्पष्ट बजावा. तुमच्याकडचे फोटो आणि पावत्या सोबत जोडा, कारण दाव्याआधी कसं वागावं याचे कोर्टाचे निर्देश दोन्ही पक्षांना लागू आहेत आणि महत्त्वाचे कागद एकमेकांना दाखवणं त्यांत अपेक्षित आहे. साध्या प्रकरणात उत्तराला १४ दिवस देतात. तुमचं प्रकरण साधंच आहे.

याच्या जोडीला तुमच्या वैयक्तिक माहितीची मागणी डेटा संरक्षण कायद्याखाली करता येते. फी सहसा नसते, मुदत साधारण एक महिना. त्यातून तुमच्या नावाने झालेला पत्रव्यवहार, फोनच्या नोंदी असं हाती येतं. छताचा रिपोर्ट मात्र त्यात येईल असं धरून चालू नका.

तरीही नकारच आला तर इंग्लंडच्या दिवाणी प्रक्रिया नियम ३१.१६ खाली कोर्टात अर्ज, दाव्याआधीच कागद दाखवण्याचा हुकूम मागणारा. दावा झाला तर तुम्ही आणि कंपनी त्यात पक्षकार असण्याची शक्यता हवी, मागितलेला कागद त्या दाव्यात एरवीही उघड करावाच लागला असता असा हवा, आणि तो आत्ता मिळाल्याने निवाडा न्याय्य होईल, दाव्याविना तड लागेल किंवा खर्च वाचेल, यांतलं एक तरी दाखवावं लागतं. आधी ही सोय फक्त इजा आणि मृत्यूच्या दाव्यांपुरती होती, १९९९ पासून ती सगळ्या दिवाणी दाव्यांना खुली झाली. अटी पुऱ्या झाल्या म्हणजे हुकूम मिळालाच असं नाही, पुढे न्यायाधीशांचा विवेक असतो. २००१ च्या ब्लॅक विरुद्ध सुमितोमो निकालात अपील कोर्टाने सांगितलं की तक्रार जितकी नेमकी आणि मागणी जितकी आटोपशीर, तितका हुकूम देणं सोपं. तुमच्या तीन ओळींच्या यादीचं महत्त्व इथे कळेल. तो नकाराचा ईमेल पुरावा म्हणून अर्जाला जोडा.

खर्चाबद्दल मात्र कुणी आधी सांगत नाही, आणि मग माणसं हबकतात. असा अर्ज जिंकलात तरी सर्वसाधारण नियम म्हणून समोरच्याचा खर्च तुमच्यावर येतो, अर्जाचाही आणि कागद काढून देण्याचाही. त्यांनी विनाकारण अडवणूक केली असं कोर्टाला वाटलं तर चित्र बदलतं, म्हणून तुमचं पत्र समंजस असणं थेट पैशाचा प्रश्न आहे. नुकसान थोडं असेल तर मी अर्ज करणार नाही, दावा टाकून त्यातच कागद मागेन.

इतर देशांत हे असंच चालेल असं समजू नका. ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टात नियम ७.२३ खाली दाव्याआधी कागद मागता येतात, भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ ची वाट दावा दाखल झाल्यावरच उघडते.

मुदतीचंही बघा. करारभंगाच्या दाव्याला इंग्लंडमध्ये सहा वर्षं आहेत, पण कागदांसाठी पत्रव्यवहार किंवा अर्ज चालू असल्याने ती थांबत नाही. शिवाय गोदामांच्या करारात नुकसान कळवण्याची वेगळी, फार छोटी मुदत असू शकते. पत्र लिहायला बसण्याआधी आजच करार काढा आणि ते कलम शोधा.