व्हीआर हेडसेट घालून हाताखालच्या माणसांशी बोलायला शिकता येते का?

तुमची कंपनी नव्या सुपरवायझरना व्हीआर हेडसेटवर (डोळ्यांवर चढवला की आभासी जग दाखवणारे उपकरण) संवादकौशल्य शिकवणार आहे आणि त्यापेक्षा वर्गातले प्रशिक्षण बरे का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते हेडसेट बरा, आणि त्याचे कारण माझ्या अनुभवात आहे.

मी चाकणच्या एका कारखान्यात बरीच वर्षे सुपरवायझर आहे. २०२२ मध्ये आम्हाला हे प्रशिक्षण मिळाले. वारंवार उशिरा येणाऱ्या कामगाराला समज द्यायची, असा प्रसंग होता. समोर बसलेला आभासी कामगार काही सांगू लागला की मी ‘ते ठीक आहे, पण’ म्हणून माझेच पुढे रेटत होतो. प्रसंग संपला आणि जागा बदलली. आता मी त्याच्या खुर्चीत होतो, खाली पाहिले तर मांडीवर त्याचे हात होते, आणि टेबलापलीकडून माझाच आवाज मला समज देत होता. ‘ते ठीक आहे, पण’ मी पाच वेळा ऐकले. पाचव्या वेळी तो आईच्या डायलिसिसबद्दल सांगत होता.

मला आमचा एक जुना फिटर आठवला. तिसऱ्या पाळीला तो उशिरा आला म्हणून मी त्याला लाइनवर सगळ्यांसमोर फैलावर घेतले होते. त्याने दोनदा तोंड उघडले, दोन्ही वेळा मी त्याला थांबवले. आठवड्याभरात त्याने राजीनामा दिला. उशीर कशामुळे झाला होता, हे मला आजही ठाऊक नाही.

त्या काळी आमचे कार्मिक व्यवस्थापक म्हणत की माणसे हाताळणे रक्तातच असावे लागते, आणि प्रशिक्षणाच्या नावाखाली तीस सहकाऱ्यांसमोर रोल प्ले करून घेत. तिथे प्रत्येक जण सहकाऱ्यांना दाखवण्यासाठी शहाण्यासारखा बोलतो आणि काहीही न शिकता चहाला जातो. मी त्यांना तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणेन की नव्या वेल्डरचा हात आपण आधी भंगार पत्र्यावर बसवतो, मग सुपरवायझरने मात्र जिवंत माणसांवरच सराव का करायचा? हेडसेटमध्ये चूक करताना कोणी पाहत नाही आणि तोच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून घेता येतो, हा त्याचा खरा लाभ आहे.

पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीच्या २०२० च्या अभ्यासाचा दाखला तुम्हाला बहुधा दिला जाईल: वर्गाच्या चौपट वेगाने शिक्षण आणि शिकलेले वापरण्याच्या आत्मविश्वासात २७५ टक्क्यांपर्यंत वाढ. मात्र तो आत्मविश्वास शिकणाऱ्यांनी स्वतःच सांगितलेला आहे. त्यांच्या हाताखालच्या माणसांना फरक जाणवला का, हे त्यावरून कळत नाही. शिवाय त्याच अभ्यासानुसार सुमारे ३७५ शिकणारे असतील तेव्हा कुठे खर्च वर्गाच्या बरोबरीला येतो, त्यामुळे लहान कारखान्याने घाई करू नये. काहींना हेडसेटमध्ये गरगरते, त्यांना सक्ती करू नये.

आणखी एक गोष्ट कंपनीला विचारा. आमचा आभासी कामगार इंग्रजी बोलत होता आणि पटले नाही की डोळ्याला डोळा भिडवून तसे सांगत होता. आपल्याकडचा माणूस मान खाली घालून ‘बरं साहेब’ म्हणतो आणि मनातले मनातच ठेवतो. त्याला बोलते कसे करायचे, याचा मराठीतला प्रसंग त्यांच्या हेडसेटमधल्या प्रसंगांच्या संचात आहे का, याची खात्री करून घ्या. आमच्या संचात तो नव्हता.