वाचक विचारतात: ‘गॉडी नाइट’मध्ये खून का नाही?

इंग्रज रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांच्या ‘गॉडी नाइट’ (१९३५) या कादंबरीवर आलेल्या पत्रांत मधलं मत जवळपास नाहीच. कुणाला ती लॉर्ड पीटर विम्झी मालिकेचा कळस वाटते, तर कुणी ती अर्ध्यात मिटून ठेवली आहे. न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: ऑक्सफर्डमधल्या श्रूजबरी या काल्पनिक महिला महाविद्यालयात जुन्या विद्यार्थिनींच्या स्नेहसंमेलनाला रहस्यकथालेखिका हॅरिएट वेन येते. कॉलेजात निनावी पत्रं आणि नासधूस सुरू होते आणि शोधाचं काम तिच्या गळ्यात पडतं. मालिकेचा नायक, हौशी गुप्तहेर पीटर विम्झी पाच वर्षं तिला लग्नासाठी विचारतो आहे आणि ती नाही म्हणते आहे.

प्रश्न (पुणे): एवढी जाडजूड रहस्यकथा आणि एकही खून नाही! नायकही निम्म्यानंतर उगवतो. याला सस्पेन्स कसं म्हणायचं?

खून नाही हे खरं, पण धोका पायरीपायरीने वाढतो. आधी अंगणात सापडलेलं एक अश्लील चित्र, मग हॅरिएटच्या गाऊनच्या (विद्यापीठाच्या झग्याच्या) बाहीत कोंबलेली चिठ्ठी. पुढे जाळलेले गाऊन, अध्यापिका मिस लिडगेट यांच्या छंदशास्त्रावरच्या ग्रंथाची विद्रूप केलेली मुद्रितं, नव्या ग्रंथालयाची नासधूस, फ्यूज काढून काळोखात बुडवलेल्या इमारती. एक विद्यार्थिनी या पत्रांपायी नदीत जीव द्यायला जाते. खुनाच्या कादंबरीत सगळ्यात वाईट गोष्ट पहिल्या काही प्रकरणांतच घडून गेलेली असते. इथे ती अजून घडायची आहे आणि कोण, कुणावर, कधी उठेल याचा भरवसा नाही.

दुसरं कारण पोलिसांचं. प्रेत सापडलं असतं तर पोलीस आले असते आणि प्रकरण कॉलेजच्या हातून गेलं असतं. इथे अध्यापिकांना ते कुंपणाआतच मिटवायचं आहे, कारण बभ्रा झाला तर “बायकांच्या कॉलेजात हेच व्हायचं” म्हणायला लोक टपलेलेच होते. ही भीती लेखिकेने उगाच रंगवलेली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली ती १९२० मध्ये, आणि १९२७ मध्ये तर विद्यार्थिनींच्या संख्येवरच मर्यादा घातली. स्वतः सेयर्स सॉमरव्हिल कॉलेजातून १९१५ मध्ये पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या, पदवी मिळाली १९२० मध्ये. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी तर त्याच सॉमरव्हिलमधून १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली होती. त्यांनाही पदवीसाठी १९२० उलटून जावं लागलं. इतक्या झगड्यानंतर मिळालेली जागा एका निनावी पत्रलेखिकेपायी हातची जाईल, ही या बायकांच्या पोटातली भीती आहे. ती ध्यानात ठेवून वाचलं की कॉमन रूममधल्या (अध्यापिकांच्या बैठकीच्या खोलीतल्या) लांबलचक चर्चा पाल्हाळ वाटत नाहीत. तिथे बसलेली प्रत्येक जण शेजारणीकडे संशयाने पाहते आहे.

नायक उशिरा येतो तो याचसाठी. तो पहिल्या दिवशी आला असता तर हॅरिएटच्या हातून तपास गेला असता.

प्रश्न (कोल्हापूर): थेट हीच वाचली तर चालेल का? मालिकेचा क्रम काय?

चालेल, पण अर्धी गोडी जाईल. पीटरच्या ११ कादंबऱ्यांपैकी हॅरिएटच्या चार: ‘स्ट्राँग पॉयझन’ (१९३०), ‘हॅव हिज कार्कस’ (१९३२), ‘गॉडी नाइट’ (१९३५) आणि ‘बसमन्स हनीमून’ (१९३७). पहिलीत ती प्रियकराला आर्सेनिक दिल्याच्या आरोपाखाली पिंजऱ्यात उभी आहे आणि पीटर तिला फाशीतून सोडवतो. हे ठाऊक नसेल तर तिचा पुढचा नकार आडमुठेपणा वाटतो. वेळ कमी असेल तर पहिली आणि तिसरी वाचा, दुसरी मागाहून. चौथी मात्र तिसरीच्या आधी उघडू नका. तिच्या नावातच निकाल आहे.

प्रकरणांच्या माथ्यावर जुन्या इंग्रजी लेखकांची अवतरणं आहेत. पहिल्या वाचनात ती खुशाल ओलांडा, कथानकाचा दोरा तुटत नाही. आवृत्तीला प्रस्तावना असेल तर तीही शेवटी वाचा. प्रस्तावनाकार बहुधा गुन्हेगार उघड करून टाकतात.

प्रश्न (नागपूर): ‘हॅव हिज कार्कस’मधलं सांकेतिक पत्राचं प्रकरण डोक्यावरून गेलं. ते सोडून दिलं तर?

सोडू नका. सगळ्या मालिकेत हॅरिएट आणि पीटर एका टेबलावर बसून बरोबरीने काम करतात ते मुख्यतः इथे. कागद-पेन्सिल घ्या, रीत अवघड नाही. तिला प्लेफेअर म्हणतात.

पाच गुणिले पाचचा चौकोन आखा. किल्लीचा शब्द पहिल्या ओळीपासून भरा, अक्षर दुसऱ्यांदा आलं तर गाळा. उरलेल्या घरांत बाकीची इंग्रजी अक्षरं क्रमाने. अक्षरं २६ आणि घरं २५, म्हणून आय आणि जे एकाच घरात. आता मजकुराच्या दोन-दोन अक्षरांच्या जोड्या पाडा. जोडीतली अक्षरं एका आडव्या ओळीत असतील तर प्रत्येकाच्या उजवीकडचं अक्षर घ्यायचं, एका उभ्या ओळीत असतील तर खालचं. ओळ संपली की पहिल्या घराकडे वळायचं. दोन्हीपैकी काहीच नसेल तर त्या दोन अक्षरांना कोपरे धरून आयत पाहा आणि प्रत्येकासाठी त्याच्याच आडव्या ओळीतला दुसरा कोपरा घ्या. उलगडताना उजवीकडच्या जागी डावीकडचं आणि खालच्या जागी वरचं. वाचक अडकतात ते आयतात: कोपरे घेताना ओळ बदलतात, मग जोडी उलटी येते आणि पुढचं सगळं बिघडतं.

आता या रीतीतलं भोक पाहा. एक जोडी उलटी लिहिली तर तिची सांकेतिक जोडीही उलटीच येते. कादंबरीतल्या पत्राची सुरुवात आहे ‘एक्स-एन, ए-टी, एन-एक्स’. पहिली आणि तिसरी जोडी एकमेकींच्या उलट. पत्राच्या डोक्यावर गावाचं नाव असणार असं धरलं, तर सहा अक्षरांचं असं गाव हवं ज्याची पहिली दोन अक्षरं शेवटी उलटी येतात. वॉर्सॉ! इंग्रजीत डब्ल्यू-ए, आर-एस, ए-डब्ल्यू. चौकोनातल्या तीन जोड्या फुकटात हाती आल्या. किल्लीचा शब्द इथे सांगत नाही, पण तो त्या कादंबरीतल्या मृत माणसाच्या डोक्यातल्या खुळाला धरूनच आहे.

प्रश्न (ठाणे): माणूस चांगला, प्रेम खरं, जीवही वाचवलेला. मग हॅरिएट पाच वर्षं नाही का म्हणते? लेखिका ताणते आहे असं वाटलं.

जीव वाचवला म्हणूनच. उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार हा परतफेडीचा होकार, आणि तो तिला नको आहे. सेयर्सनी पुढे लिहून ठेवलं आहे की ‘स्ट्राँग पॉयझन’मध्येच दोघांचं लग्न लावून पीटरला निरोप द्यायचा त्यांचा बेत होता. लिहिताना लक्षात आलं, की या परिस्थितीत हॅरिएट स्वाभिमान राखून हो म्हणूच शकत नाही. मग पीटरलाच चकचकीत बाहुल्याचा माणूस करावा लागला: वय, महायुद्धाने खिळखिळ्या केलेल्या नसा, चुकण्याची भीती.

‘गॉडी नाइट’मध्ये हे कर्ज कसं फिटतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. हॅरिएटच्या जिवाला धोका आहे हे कळल्यावर पीटर तिला “तू इथून निघ” म्हणत नाही. गळा धरला तर कसं सुटायचं हे तो तिला शिकवतो आणि गळ्यात घालायला कुत्र्याचा जाड चामडी पट्टा घेऊन देतो. आजवर त्याच्याकडून भेट न घेणारी हॅरिएट नंतर दुकानातला हस्तिदंती बुद्धिबळाचा संच पाहून स्वतःहून म्हणते, हा मला घेऊन दे. तोच संच पुढे कुणीतरी ठेचून टाकतं तेव्हा वाचकाला नदीकाठच्या प्रसंगाइतकंच लागतं. मग ते सुनीत: पहिल्या आठ ओळी हॅरिएटच्या, जिथे सगळं फिरणं निवतं अशा जागेविषयी. कागद चुकून पीटरच्या हाती जातो आणि तो उरलेल्या सहा ओळी लिहितो. तिची शांतता तो जशीच्या तशी मान्य करत नाही. भोवरा चाबकाच्या फटक्यांवरच उभा राहतो, असं उत्तर देतो. प्रेमाच्या संवादांनी जे होत नाही ते या चौदा ओळींत होतं. आमच्या मते मालिकेतली ही सगळ्यात धीट जागा आहे.

प्रश्न (गोवा): शेवटी लॅटिनमध्ये विचारणं आणि एका शब्दात उत्तर. एवढ्यावर भागवलं?

मागच्या पानांकडे जावं लागतं. दर १ एप्रिलला पीटर तिला लग्नाचं विचारत असे. एकदा पॅरिसहून त्याने लॅटिनमधलं एकच वाक्य पाठवलं आणि सुरुवातीला असा शब्द घातला की ज्याला व्याकरणाप्रमाणे “नाही” हेच उत्तर अपेक्षित असतं. विचारणाराच हरून बसलेला. शेवटच्या प्रश्नात तो शब्द नाही. हो किंवा नाही, दोन्ही उत्तरं मोकळी आहेत. शिवाय शब्दरचना पदवीदान समारंभातली, जिथे विद्यापीठ सभेची संमती विचारतं, आणि संबोधन तिच्या एम.ए.चं. जी पदवी मिळवायला बायकांना इतकी वर्षं थांबावं लागलं, तिचा मान राखून विचारलेला हा प्रश्न आहे. हॅरिएटही त्याच समारंभातल्या शब्दाने उत्तर देते.

प्रश्न (इंदूर): गुप्तहेराचं लग्न लावलं की मालिका संपते का? आणि पडद्यावर हे कुठे पाहायला मिळतं?

तसा नियम नाही. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षीला सत्यवती भेटते तीही अशाच एका प्रकरणात, जिथे तिच्या भावावर संशय आहे. लग्नानंतरही ब्योमकेशच्या कथा अनेक वर्षं चालू राहिल्या. पीटरच्या बाबतीत मात्र ‘बसमन्स हनीमून’नंतर सेयर्सनी कादंबरी पुरी केली नाही, अर्धवट राहिलेली जिल पॅटन वॉल्श यांनी पूर्ण केली, ती १९९८ मध्ये आली. बीबीसीने १९८७ मध्ये हॅरिएटच्या पहिल्या तीन कादंबऱ्यांवर मालिका केली. पीटर झालेले एडवर्ड पेथरब्रिज आणि हॅरिएट झालेल्या हॅरिएट वॉल्टर दोघंही चपखल, पण ‘गॉडी नाइट’ तीन भागांत कोंबल्याने कॉमन रूममधले वाद कापले गेले आणि गुन्ह्याचं कारण उपरं वाटतं.

प्रश्न (सोलापूर): गुन्हेगार आधी ओळखता येतो का? आणि तिच्यावर अन्याय झाला असं नाही वाटत? (कादंबरी वाचली नसेल तर इथेच थांबा.)

ओळखता येतो. चॅपलमध्ये टांगलेल्या, सुरी खुपसलेल्या बुजगावण्याला रोमन कवी व्हर्जिलच्या लॅटिन ओळी डकवलेल्या असतात. लॅटिन म्हणजे अध्यापिकांपैकीच कुणी, असं आपण धरतो आणि फसतो. त्या ओळी नुसत्या उतरवून काढायलाही येतातच. संशोधनातल्या खोटेपणाचा प्रश्न मांडणाऱ्या एका कादंबरीची पानं फाडलेली सापडतात, तिथे हेतू दिसतो. आणि मिस डी व्हाइन ही विदुषी कॉलेजात आल्यावरच हे सगळं सुरू झालं, हा तिसरा धागा. पुरावा दडवल्याचं तिने उघड केल्याने एका पुरुषाची पदवी गेली होती, पुढे त्याने आत्महत्या केली. गुन्हेगार आहे ती त्याचीच विधवा, कॉलेजातली नोकर.

अन्यायाबद्दल तुमचं निम्मं म्हणणं पटतं. अखेर त्या विधवेला सगळ्या विदुषींसमोर तोंडावर बोलायला मिळतं, आणि तिचा सवाल बिनतोड आहे: तुमच्या सत्यापायी माझं घर बुडालं, त्याची किंमत कुणी मोजली? मिस डी व्हाइनही तो सवाल झटकत नाही. मात्र त्यानंतर त्या विधवेला वैद्यकीय देखरेखीखाली धाडून कादंबरी घाईने प्रेमकथेकडे वळते, आणि तिच्या दोन लहान मुलींचं पुढे काय होणार यावर रेंगाळत नाही. नोकरवर्गातली बाई म्हणून तिच्याकडे आधी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, ना अध्यापिकांचं ना वाचकाचं. हे लेखिकेने मुद्दाम रचलं आहे. तिची रवानगी झाल्यावर मात्र लेखिकाही अध्यापिकांच्याच बाजूला जाऊन बसते.