जपानी क्यूसु विकत घेताना काय पाहावं, आणि सेन्चा कडू का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जपानहून येणाऱ्या नातेवाइकांकडून सेन्चासाठी, म्हणजे जपानी हिरव्या चहासाठी, हाताने घडवलेली मातीची किटली (तिलाच क्यूसु म्हणतात) मागवायची आहे. ती लाल घ्यावी की काळी, केवढी घ्यावी, आणि सध्या साध्या किटलीत होणारा कडू चहा तिच्यात सुधारेल का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण खरेदीचा निर्णय त्यावरच ठरतो. कडूपणाची कारणं दोन असतात. एक, पाणी फार गरम असणं. दोन, चहा ओतून झाल्यावरही थोडं पाणी किटलीत पत्तीबरोबर राहणं. दुसऱ्या कारणावर चांगली क्यूसु हा पक्का इलाज आहे, कारण ती शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी होते. पहिल्या कारणावर कोणतीच किटली काही करू शकत नाही, ते तुमच्या हातात आहे.

म्हणून मातीच्या आधी माप ठरवा. आपल्याकडे किटली म्हटली की पाच-सहा कप मावायला हवेत अशी अपेक्षा असते. सेन्चाचं गणित उलटं आहे. थोड्या पाण्यात भरपूर पत्ती घालायची, एका वेळी लहान लहान पेले भरायचे आणि त्याच पत्तीवर दोन-तीन वेळा पाणी घालायचं. एक-दोन माणसांसाठी २०० ते २५० मिलीची क्यूसु पुरते, तिघा-चौघांसाठी ३०० ते ३६० मिलीची. विक्रेते सहसा काठोकाठ भरल्यावरचं माप लिहितात, वापरात त्याच्या पाऊणपटच येतं. मोठी घेऊन ती अर्धी भरू, हा विचार करू नका. जाड, मोठं भांडं पाण्याची उष्णता शोषून घेतं आणि तापमानाचा अंदाज बिघडतो.

आता माती. हातघडणीच्या क्यूसुची दोन मोठी गावं. आइची प्रांतात चिता द्वीपकल्पावरचं तोकोनामे आणि मिए प्रांतातलं योक्काइची. तोकोनामे हे जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांपैकी एक. मोठे रांजण आणि माठ घडवण्याची तिथली परंपरा फार जुनी आहे, लाल क्यूसु मात्र एकोणिसाव्या शतकातली. चीनमधल्या यीशिंगच्या लाल-जांभळ्या किटल्या पाहून तोकोनामेच्या कारागिरांनी लोहयुक्त बारीक माती तयार केली, तिला ‘शुदेई’ म्हणतात. १८७८ मध्ये जिन शिहेंग नावाचे चिनी कारागीर तोकोनामेत येऊन यीशिंगची हातघडण शिकवून गेले. आज मात्र तोकोनामेची हाताने केलेली क्यूसु बहुतेक चाकावरच घडते. याच परंपरेतले तिसरे यामादा जोझान यांना १९९८ मध्ये जपान सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरवलं. योक्काइचीच्या कामाला बान्को म्हणतात. तिथली ‘शिदेई’ क्यूसु भट्टीत हवा कमी ठेवून भाजतात, त्यामुळे ती जांभळट-तपकिरी होते.

तोकोनामेची काळी क्यूसु ही बहुधा वेगळ्या मातीची नसते. लाल भाजून झालेलं भांडं भाताच्या तुसात किंवा भुशात पुरून, हवा कोंडून पुन्हा भाजतात आणि ते काळं पडतं. भट्टी झाकून, धूर कोंडून मडकी काळी करण्याची युक्ती आपल्याकडच्या कुंभारांनाही ठाऊक आहे. तेव्हा लाल की काळी हा प्रश्न डोळ्यांच्या आवडीचा समजा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मातीची किटली म्हटलं की माठ आठवतो, पाणी झिरपणारा आणि मातीचा वास देणारा. शुदेई तशी नाही. ती ११०० अंश सेल्सिअसच्या वर भाजलेली असते, इतकी घट्ट की बाहेरून ओल येत नाही. चहाला मातीचा वास लागत असेल तर भांडं कच्चं भाजलेलं आहे. तोकोनामेत असं सांगतात की मातीतलं लोह चहातल्या टॅनिनशी जुळून चव मवाळ करतं. माझं मत विचाराल तर हा फरक असलाच तर सूक्ष्म आहे. पाण्याचं तापमान पाच अंशांनी खाली आणलंत तर जिभेला त्याहून जास्त कळेल. त्यामुळे मातीच्या नावासाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी पुढच्या तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट गाळणी. खरी कसोटी इथेच लागते. चांगल्या क्यूसुत तोटीच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, मातीचीच बारीक भोकांची गाळणी बसवलेली असते. अगदी बारीक भोकांच्या गाळणीला ‘सासामे’ म्हणतात. ती किंचित फुगीर असेल तर उत्तम, कारण पत्ती सपाट चिकटून सगळी भोकं एकदम बुजवत नाही. सेन्चाच्या दोन जाती इथे लक्षात घ्याव्या लागतात. साध्या सेन्चाची पानं तोडल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या आसपास वाफवतात, ती सुईसारखी लांब राहतात. ‘फुकामुशी’ त्याच्या दुप्पट किंवा अधिक वेळ वाफवतात, ती चुरा होते आणि साध्या भोकांत अडकून बसते. फुकामुशी पिणार असाल तर सासामे हवीच, नाहीतर आतून गोल फिरवलेली स्टीलची जाळी असलेली घ्या. आत टोपलीसारखी सुटी जाळी लोंबकळते ती किटली मात्र घेऊ नका. पत्ती त्या टोपलीत कोंबली जाते, पूर्ण उमलत नाही, आणि टोपलीच्या तळाखालचं पाणी पत्तीपर्यंत पोचतच नाही.

दुसरी गोष्ट झाकण. हाताने केलेल्या क्यूसुचं झाकण भाजल्यानंतर त्याच भांड्यावर बारीक घर्षकाने घासून जुळवतात. म्हणून एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नाही आणि फुटलं तर बदली मिळत नाही. दुकानात तपासायची रीत सोपी आहे. पाणी भरा, झाकणावरचं भोक बोटाने दाबा आणि ओता. धार थांबली तर झाकण घट्ट बसतं. बोट काढल्यावर धार लगेच सुरू व्हायला हवी.

तिसरी गोष्ट तोटीचं टोक. ओतणं थांबवल्यावर शेवटचा थेंब तोटीखालून भांड्याच्या पोटावर ओघळतो का ते पाहा. टोकाची कड पातळ आणि धारदार असेल तर थेंब तुटतो, गोल आणि जाड असेल तर ओघळतो. हा दोष नंतर दुरुस्त होत नाही.

दांडी बाजूला असलेल्या प्रकाराला ‘योकोदे’ म्हणतात. दांडी आणि तोटी यांच्यातला कोन काटकोनाच्या आसपास किंवा जरा कमी असतो. दांडी मुठीत, अंगठा झाकणावर आणि मनगट वळवलं की चहा पडतो, एका हाताचं काम. दांडी आतून पोकळ असते, म्हणून चटका बसत नाही. नेहमीच्या क्यूसु उजव्या हाताच्या असतात. तुम्ही डावखुरे असाल तर तसं आधी कळवा, त्याही मिळतात. उत्तम घडणीच्या योकोदेबद्दल जुना निकष असा आहे की ती दांडीवर उभी करून ठेवली तरी तोल सांभाळते. प्रत्येक चांगली क्यूसु उभी राहतेच असं नाही, पण उभी राहिली तर वजनाची वाटणी नीट आहे हे नक्की.

हातची की साच्यातली हे ओळखायला आत बोट फिरवा. चाकावरच्या भांड्यात गोल वळ्या लागतात, साच्यातल्यात भिंत एकसारखी असते आणि कुठेतरी जोडाची रेघ सापडते. अंग, झाकण, तोटी आणि दांडी चाकावर वेगवेगळी घडवून, अर्धवट सुकल्यावर पातळ मातीने जोडतात. सगळे भाग सारखेच ओले नसतील तर सुकताना सांध्याला चीर जाते, म्हणून दांडीचा आणि तोटीचा सांधा उजेडात धरून पाहा. कारागिराचा शिक्का बहुधा दांडीजवळ किंवा तळाशी असतो. साच्यातली क्यूसु काही हजार येनमध्ये मिळते, नावाजलेल्या हाताची दहा हजारांच्या पुढे जाते. गाळणी आणि झाकण चांगलं असेल तर साच्यातल्या क्यूसुतही चहा उत्तम होतो.

आता चहा. दोन लहान पेल्यांसाठी ४ ग्रॅम सेन्चा आणि १६० मिली पाणी. चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका, लांब पत्ती आणि चुरा यांचं वजन एकाच चमच्यात खूप वेगळं भरतं. घरात लहान वजनकाटा असेल तर तो वापरा. पाणी पूर्ण उकळा आणि मग रिकाम्या पेल्यांत ओता. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की तापमान साधारण १० अंशांनी उतरतं. उकळी, पेला, दुसरा पेला, मग क्यूसु, इतक्यात ते ७० अंशांच्या जवळ येतं, पेलेही गरम होतात आणि पाणी मोजलंही जातं. क्यूसुत ओतल्यावर एक मिनिट थांबा, फुकामुशी असेल तर ३०-४० सेकंद. हलवू नका, ढवळू नका, त्याने चुरा उठतो आणि चहा गढूळ होतो. झाकणाचं भोक तोटीच्या बाजूला ठेवा, धार मोकळी येते.

ओतताना दोन्ही पेल्यांत थोडं थोडं, आलटून पालटून ओता, म्हणजे दोन्हींचा रंग सारखा येतो. शेवटी क्यूसु पूर्ण उलटी धरून दोन-तीन हलके झटके द्या. शेवटचे थेंब सर्वांत दाट असतात, आणि ते आत राहिले तर पुढचा चहा कडू. मग झाकण किंचित सरकवून ठेवा, नाहीतर कोंडलेल्या वाफेत पत्ती शिजत राहते. दुसऱ्या वेळी ८० अंशांचं पाणी घालून १०-१५ सेकंदांत ओता, पान आधीच उमललेलं असतं. तिसऱ्या वेळी त्याहून गरम.

याचं कारण रसायनात आहे. चहाला गोडसर, भरीव चव देणारं थिअनिन कमी तापमानाला सहज उतरतं, तर तुरट कॅटेचिन आणि कडू कॅफिन गरम पाण्यात भराभर उतरतात. म्हणूनच ग्योकुरोला (सावलीत वाढवलेल्या उंची हिरव्या चहाला) ५०-६० अंशांचं, अगदी थोडं पाणी आणि दोन मिनिटं लागतात. भाजलेला होजिचा मात्र बेधडक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट करा, त्यात कडू व्हायला फारसं उरलेलंच नसतं.

इतकं करूनही चहा मलूल आणि पिवळट-तपकिरी होत असेल तर पाणी पाहा. जपानचं पाणी बहुतांशी मऊ आहे. बोअरवेलच्या जड पाण्यात सेन्चाचा सुगंध दबतो आणि वर तवंग येतो. अशा ठिकाणी गाळलेलं मऊ पाणी वापरा. अगदी क्षारहीन पाण्यातही चहा पोकळ लागतो, तेव्हा शुद्धीकरण यंत्राचं पाणी फारच सपक असेल तर त्यात थोडं नळाचं मिसळा.

धुण्याबाबत: ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, नसलेल्या क्यूसुला साबण लावू नका, साबणाचा वास तिच्यात धरून राहतो. त्याच कारणाने तिच्यात मसाला चहा किंवा जाई-चमेलीचा सुगंधी चहा करू नका. अनेक तऱ्हेचे चहा एकाच भांड्यात करायचे असतील तर आतून ग्लेझ दिलेली घ्या. चहा झाल्यावर लगेच पत्ती काढा, गरम पाण्याने खळबळा आणि झाकण वेगळं ठेवून सुकवा. आपल्या पावसाळ्यात ओली पत्ती रात्रभर राहिली तर बुरशी धरते. गाळणीत चुरा अडकला तर तोटीतून उलटं पाणी सोडा, टाचणीने टोचू नका, भोकांमधली पातळ माती तुटते. चहाचा डाग जमलाच तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून तासभर भिजवा आणि मऊ ब्रशने घासा. क्यूसु गॅसवर कधीही ठेवायची नाही, आणि गरम असताना थंड पाण्याखाली धरायची नाही. दोन्हींनी तडा जातो.

नातेवाइकांना सांगा की झाकण वेगळं गुंडाळा, तोटीभोवती कागदाचा जाड बोळा द्या आणि क्यूसु विमानात हातातल्या बॅगेत आणा. घरी आल्यावर तोटीच्या टोकावर प्लॅस्टिकची छोटी नळी दिसेल. ती फक्त प्रवासात टोक फुटू नये म्हणून लावलेली असते. पुष्कळ जण ती तशीच ठेवून वापरतात, मग आत चहा साचून काळा थर चढतो आणि धारही नीट तुटत नाही. ती काढून टाका, क्यूसु दोनदा गरम पाण्याने खळबळून घ्या आणि पहिला सेन्चा करा.