पट्टी झिजली, पाणी काळं झालं

प्रश्न: आजीचा बिडाचा तवा आणि दोन आप्पेपात्रं माळ्यावरून काढली. सगळ्यांवर गंज आणि जळक्या तेलाचा जाड थर होता. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भांडं ऋण टोकाला आणि ग्रॅफाइटची एक पट्टी धन टोकाला लावून जुन्या १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरने वीज सोडली. साधारण ८ अँपिअर, तिन्ही भांडी मिळून ३० तास. भांडी झकास निघाली. पण ग्रॅफाइट झिजत नाही असं ऐकलं होतं. माझी पट्टी १५ सेंटीमीटर लांब, ६ रुंद आणि १ जाड; तिचं वजन १६० ग्रॅमवरून १२० वर आलं. पाण्याच्या रेषेपाशी ती बारीक झाली, चार्जरच्या तारेचा चिमटा हिरवा पडला आणि टबातलं पाणी शाईसारखं काळं. हे पाणी विषारी आहे का? त्यापेक्षा स्टेनलेसचं जुनं ताट लावू का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: आधी ताटाचं सांगतो. ताट लावू नका. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं आणि धन टोकाला ते षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, होऊन पाण्यात उतरू शकतं. भोसरीत प्लेटिंगच्या, म्हणजे विजेने धातूचा मुलामा देण्याच्या, धंद्यात माझी उमेदीची वर्षं गेली. क्रोमच्या बाथवर (मुलाम्याच्या द्रावणाच्या टाकीवर) वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसांच्या नाकाच्या पडद्याला पडलेली भोकं मी पाहिली आहेत. ते तव्यासाठी घरी आणायचं कारण नाही. तुमचं काळं पाणी त्यामानाने गरीब आहे. त्यात सोडा, सुटलेला गंज, जळक्या तेलाचा साबण आणि ग्रॅफाइटची पूड, एवढंच. हात धुवा, पोरांना लांब ठेवा, बाकी भिण्यासारखं काही नाही.

आता पट्टी. ग्रॅफाइट लोखंडासारखं गंजत नाही, पण धन टोकाला जन्मणारा ऑक्सिजन त्याला खातोच. थोडा कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. दुसरं नुकसान जास्त वाईट. ग्रॅफाइटचे कण एकमेकांना ज्या बंधाने धरून असतात तो बंध आधी जळतो आणि आख्खे कण सुटे होऊन गळतात. तुमच्याच आकड्यांनी हिशेब करू. ८ अँपिअर गुणिले ३० तास म्हणजे २४० अँपिअर-तास. सगळीच्या सगळी वीज कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करण्यात खर्ची पडली असं धरलं, तरी फॅरेडेच्या नियमाने (किती विजेला किती पदार्थ जातो ते सांगणाऱ्या) अँपिअर-तासाला ०.११२ ग्रॅम, म्हणजे जेमतेम २७ ग्रॅम कार्बन जातो. प्रत्यक्षात वीज बऱ्यापैकी ऑक्सिजन काढण्यात जाते, म्हणजे जळालेला कार्बन याहून कमीच. तुमचे ४० गेले. म्हणजे किमान १३ ग्रॅम तरी न जळता नुसता भुगा होऊन टबात पडला, बहुधा बराच जास्त. तीच तुमची शाई.

भुगा इतका का पडला? प्लेटिंगवाला कधी नुसते अँपिअर विचारत नाही, तो विचारतो किती डेसीमीटर चौरसाला किती अँपिअर. पट्टी १० सेंटीमीटर बुडाली असेल तर तव्याकडे तोंड असलेली बाजू ६० चौरस सेंटीमीटर, म्हणजे ०.६ चौरस डेसीमीटर. पाठीमागची बाजू फारसं काम करत नाही, वीज समोरासमोरच्या वाटेने जाते. म्हणजे तुम्ही चौरस डेसीमीटरला १३ अँपिअर लादलेत. एवढ्याशा पट्टीवर हा जुलूम आहे. वर ३० तास चार्जर चालला की पाणी कोमट होतं, आणि कोमट पाण्यात झीज आणखी वाढते. माझं माप चौरस डेसीमीटरला २ ते ३ अँपिअरचं. तशाच चार पट्ट्या तव्याभोवती उभ्या करा, सगळ्या एका जाड तांब्याच्या तारेला जोडा, आणि वीज ५ अँपिअरवर आणा. चौरस डेसीमीटरला २ च्या आसपास पडतील. काम थोडं सावकाश होईल, होऊ द्या. चार्जरवर वीज कमी करायची सोय नसेल तर पट्ट्या तव्यापासून लांब सरकवा किंवा सोडा कमी घाला. चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा पुरतो. सोडा या कामात खर्च होत नाही, पाणी उडेल तेवढं पाणीच घालत जा. मीठ मात्र चिमूटभरही नको, क्लोरीन निघतो.

चार बाजूंनी पट्ट्या लावल्याचा दुसरा फायदा, तवा फिरवावा लागत नाही. आप्पेपात्राच्या खळग्यांत मात्र वीज पोचायला कुरकुर करते. तिथे एक बारीक कांडी वरून खळग्यांसमोर टांगा, भांड्याला टेकू देऊ नका.

हिरव्या चिमट्याकडे तुम्ही फार लक्ष दिलेलं दिसत नाही, माझ्या मते खरा बिघाड तिथे आहे. ग्रॅफाइट सच्छिद्र असतं. दिव्याच्या वातीसारखं ते सोड्याचं पाणी वर ओढून घेतं, पाणी चिमट्यापर्यंत पोचतं, आणि तांब्याचा किंवा पितळेचा चिमटा धन टोक असल्यामुळे विरघळू लागतो. जोड खराब झाला की तिथे उष्णता, आणि सुटलेलं तांबं बाथमध्ये उतरलं तर तव्यावर गुलाबी थर धरायची भीती. उपाय सोपा आहे. पट्टीच्या वरच्या टोकाला भोक पाडून बोल्टने तार घट्ट आवळा, आणि जोडापासून पाण्याच्या रेषेखाली बोटभरापर्यंतचा भाग वितळलेल्या मेणात बुडवून मुरू द्या. छिद्रं बुजली की पाणी वर चढत नाही, आणि रेषेपाशी कंबर पडते तीही बरीच थांबते. मेण जोड आवळल्यानंतर, आधी नाही. मेण वीज अडवतं.

हे काही माझं डोकं नव्हे. क्लोरीनच्या कारखान्यांत टायटॅनियमचे ॲनोड (धन टोकाच्या पट्ट्या) येण्याआधी ग्रॅफाइटच चालायचं, आणि आयुष्य वाढावं म्हणून ते जवसाच्या तेलात मुरवून वापरत. तिथेही झिजायचंच. जसजसं झिजेल तसतसं ॲनोड आणि कॅथोडमधलं (ऋण टोकामधलं) अंतर वाढायचं, विजेचं बिल चढायचं. १९६०च्या दशकात हेन्री बीअर यांनी टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप देण्याचं पेटंट घेतलं आणि पुढे ग्रॅफाइट मागे पडत गेलं. तशी लेप दिलेली जाळी मिळाली तर खुशाल वापरा. नुसतं टायटॅनियम घेऊ नका, त्यावर लगेच ऑक्साइडचा थर धरून वीज बंद पडते. (जवसाचं तेल तव्याला लावायची टूमही सध्या आहे. दिसतं छान, पण माझ्या अनुभवात पापुद्रे निघतात. मी शेंगदाण्याच्या तेलाचा.)

पाणी स्वच्छ हवं असेल तर प्लेटिंग शॉपची युक्ती करा, ॲनोडला पिशवी घाला. जुन्या सुती धोतराची दुहेरी पिशवी शिवा, पट्टी आत, तोंड पाण्याच्या वर. भुगा पिशवीत राहतो. सोड्यात आणि ऑक्सिजनमध्ये सुती कापड काही दिवसांनी जीर्ण होतं, मग बदला.

आणि हो, तव्यावरून बोट फिरवलं की काळं येतं ते सगळं पट्टीचं नाही. बिडातच सव्वातीन-साडेतीन टक्के कार्बन असतो, बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. गरम पाण्याने घासा, लगेच चुलीवर कोरडा करा, तेलाचा पुसट हात द्या. उघडा राहिला तर तासाभरात नारिंगी होईल.

सुरक्षेचं थोडक्यात. तव्यावरून हायड्रोजन निघतो, म्हणून काम पडवीत किंवा अंगणात. चिमटा काढताना आधी बटण बंद, ठिणगी नको. आणि टोकं उलटी लागली तर पट्टी वाचेल, आजीचा तवा झिजेल.

प्रश्न: टॉर्चच्या जुन्या सेलमधल्या कांड्या, किंवा वेल्डिंगवाल्याकडच्या गाउजिंग रॉडचे तुकडे चालतील का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: सेलच्या कांड्या चालतात, पण इतक्या बारीक की दहा-बारा एकत्र बांधल्याशिवाय पृष्ठभाग भरत नाही. सेल फोडण्यात हात काळे होतात ते वेगळं. गाउजिंग रॉड म्हणजे विजेच्या ठिणगीने धातूत खाच पाडायची कार्बनची कांडी; तिला वरून तांब्याचा मुलामा असतो. तो न काढता लावलात तर तांबं सरळ तव्यावर जाऊन बसेल. पॉलिश पेपरने पाण्यात बुडणारा सगळा भाग काळाभोर होईपर्यंत घासा, वरचं टोक तसंच ठेवा, जोडाला तांबं बरंच. त्याहून चांगलं म्हणजे एखाद्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यात, विचारा. डाय (साचा) बनवताना ठिणगीने धातू कोरणाऱ्या स्पार्क मशीनवर ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड वापरतात आणि काम झालं की ते कोपऱ्यात पडून असतात. कण बारीक, घट्ट, भुगा कमी. पण विचारून घ्या, काही इलेक्ट्रोड तांबं मुरवलेल्या ग्रॅफाइटचे असतात, ते नकोत.

प्रश्न: सासऱ्यांची बिडाची कढई आहे. त्यात ते जाळ्याला लावायचं शिसं वितळवत. याच पद्धतीने साफ करून भाजीला वापरता येईल? (एक वाचिका, मालवण)

उत्तर: नाही. शिसं बिडाच्या छिद्रांत बसलेलं असतं, ते पूर्ण निघालं याची खात्री घरी देता येत नाही. टबात उतरलेलं शिसं पुढच्या भांड्यावर चढेल ते निराळंच. कढई शिशासाठीच ठेवा, वर रंगाने तसं लिहा, आणि स्वयंपाकघरात आणू नका.